चिंतेचा आजार: गोळ्या, थेरपी, श्वास. कशाचा उपयोग कुठे आणि किती दिवस?

तापीकाठ
चिंतेच्या आजाराबद्दल कुणी विचारलं की ठरलेली तीन उत्तरं येतात. योगा करा, जास्त विचार करू नका, आणि अमुक गोळी घ्या, शांत झोप लागते. यातलं तिसरं सगळ्यात महागात पडतं. माहिती एका जागी राहावी म्हणून हा धागा. डोसचे आकडे येतील ते डॉक्टर काय सांगतायत हे कळावं म्हणून. त्यावरून घरच्या घरी औषध सुरू करू नये, बंद तर मुळीच करू नये.

आधी तपासण्या. धडधड, हाताला कंप, घाम, झोप उडणं, वजन उतरणं हे सगळं थायरॉइड वाढल्यानेही होतं. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि एक ईसीजी एवढं सुरुवातीला करावं. चालू औषधंही डॉक्टरांना दाखवा. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, नाक मोकळं करणाऱ्या फिनाइलएफ्रिनच्या सर्दीच्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, या तिन्हींनी छाती धडधडते.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे फवारणी. कपाशीवर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध मारून आलेल्या माणसाला घाम, थरथर, घाबरेपणा सुरू झाला तर "टेन्शन घेतलंय" म्हणून झोपवू नका. सोबत तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, पोटात कळ असेल तर ती विषबाधा आहे. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, डबा सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा.

काउंटरमागून
चांगला विषय. दुकानावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दोन प्रकारच्या गोळ्यांमध्ये, म्हणून तेवढंच लिहितो.

पहिला प्रकार रोज घ्यायच्या, सावकाश काम करणाऱ्या गोळ्यांचा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन. यांची सवय लागत नाही, नशा येत नाही, आणि आज घेतली म्हणून आज बरं वाटत नाही. फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात. धडधड वाटेल त्या दिवशी एक आणि बरं वाटलं की नाही, अशी घेतली तर पैसे वाया.

दुसरा प्रकार अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, इटिझोलाम यांचा. अर्ध्या-एक तासात शांत वाटतं. त्यामुळे माणसाला हीच खरी गोळी वाटते आणि पहिली फुकट दिल्यासारखी वाटते. ही दोन ते चार आठवड्यांच्या आधारासाठी असते. रोज घेत राहिलं तर शरीर सरावतं, तेवढ्याच डोसने भागत नाही, आणि एकदम बंद केली तर झोप पूर्ण उडते, थरथर होते, कधी फिटही येते. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. मोहाची असो की देशी, "घरची आहे" म्हणून काही सूट नाही. म्हाताऱ्या माणसांत रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडण्यामागे ही गोळी पुष्कळदा असते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. दुकानदाराला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, नग असं सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. क्लोनाझेपामही चिठ्ठीशिवाय देता येत नाही. "भाऊ, ओळखीचा आहे, एक पट्टी दे ना" हे वाक्य दुकानदाराला अडचणीत आणतं. शिवाय अशा ओळखीतूनच पट्ट्या वर्षानुवर्षं चालू राहतात.

अजून एक. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेलं कॉम्बिनेशन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. सुरुवातीला सोयीचं असतं. अडचण महिन्याभराने येते. पहिलं औषध वर्षभर चालू ठेवायचं, दुसरं कमी करत बंद करायचं, आणि दोन्ही एकाच गोळीत चिकटलेली! तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या भेटीत "आता दोन्ही वेगवेगळी लिहून द्याल का?" असं डॉक्टरांना आपणहून विचारा.

केळीबाग
पहिल्या प्रकारची गोळी सुरू केली की पहिला आठवडा घाबरं जास्तच होतं, असं बरेच जण सांगतात. "जीव आणखीच घाबरस" म्हणून चौथ्या दिवशी सोडतात. हे खरंच औषधामुळे होतं का?

पांढरा कोट
हो, औषधामुळेच. पहिले सात ते चौदा दिवस बेचैनी, मळमळ, डोकं जड, झोप उलटीपालटी हे होऊ शकतं. चिंतेच्या रुग्णाला शरीरातला छोटा बदलही मोठा भासतो, म्हणून सुरुवात अर्ध्या डोसने करतात. एस्सिटालोप्राम ५ मिग्रॅ आठवडाभर, मग १०. सर्ट्रालिन २५, मग ५०. पुढे गरजेप्रमाणे एस्सिटालोप्राम २० पर्यंत, सर्ट्रालिन २०० पर्यंत जातं. साठी-पासष्टीच्या पुढे एस्सिटालोप्राम सहसा १० च्या वर नेत नाहीत, कारण हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. ईसीजी आधी करायचा तो याही कारणाने.

पोट भरलेलं असताना घ्या. मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी, सुस्ती येत असेल तर रात्री. वेळ मात्र रोज तीच.

लोक लाजून सांगत नाहीत ती तक्रार: लैंगिक इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर. हे बऱ्याच जणांना होतं, आणि औषध गुपचूप बंद करण्याचं एक मोठं कारण हेच. डोस कमी करणं, औषध बदलणं हे उपाय आहेत. पण सांगितल्याशिवाय डॉक्टरला कसं कळणार?

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं. एकदम चिडचिड, अस्वस्थ येरझाऱ्या, मरणाची भाषा यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर. आणि शेतीच्या घरात कीटकनाशकाचे डबे कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. हा सल्ला मी औषधाच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा धरतो.

काउंटरमागून
यात दुसऱ्या औषधांची भर घालतो. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन रोज चालू असेल तर या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ट्रामाडॉल सोबत नको. बीपीसाठी पाणी काढणारी थायझाइड गटातली गोळी असेल, वय साठच्या पुढे असेल आणि मे महिना असेल, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो तेव्हा घामातूनही मीठ जातं. म्हातारा माणूस गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत गोंधळल्यासारखा बोलायला लागला, तोल जायला लागला, तर सोडियमची तपासणी करून घ्या. घरचे "गोळीची गुंगी" म्हणून सोडून देतात.

भरीत पार्टी
गोळ्यांचंच चाललंय. घबराटीचा अटॅक येतो तेव्हा समोरच्याने काय करायचं? दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं, एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

पायरी-पायरीने
आणि तेच चुकतं. घबराटीच्या झटक्यात माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, चक्कर, छाती आवळल्यासारखं हे सगळं त्यातूनच येतं. त्यात छाती फुगवून मोठे श्वास घेतले की आणखी वाढतं.

छोटा आणि सावकाश श्वास हवा. नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंड किंचित उघडून सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर. मध्ये श्वास रोखायचा नाही. प्राणायामातला कुंभक नेहमीच्या सरावात ठीक आहे, झटक्यात नको. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा, फक्त बाहेरचा श्वास लांब ठेवा. प्लास्टिक किंवा कागदी पिशवी तोंडाला लावायची जुनी पद्धत विसरा. तो दमा किंवा हार्ट अटॅक निघाला तर जिवावर बेतेल.

सराव मात्र शांत असताना, रोज दहा मिनिटं, दोन-तीन आठवडे. पहिल्यांदाच झटक्यात करून बघितलं तर काही उपयोग होत नाही, आणि मग "श्वासाने काही होत नाही" असं म्हणून माणूस मोकळा होतो.

पांढरा कोट
छातीत दुखण्याचा झटका पहिल्यांदाच आला असेल तर तो घबराटीचा आहे हे घरी ठरवू नका. चाळिशीच्या पुढे, किंवा मधुमेह, बीपी, तंबाखू असेल तर आधी दवाखाना आणि ईसीजी. घबराट साधारण दहा मिनिटांत शिखराला जाते आणि अर्ध्या तासात ओसरते. डाव्या हातात, जबड्यात कळ, चालल्यावर वाढणारं दुखणं, हे वेगळं.

केळीबाग
थंड पाण्याने तोंड धुतल्यावर बरं वाटतं, तो फक्त मनाचा खेळ?

पायरी-पायरीने
नाही. कपाळ, डोळे, गाल यांवर गार पाणी लागलं की ठोके खरंच मंदावतात, शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. ओला पंचा चेहऱ्यावर पंधरा ते तीस सेकंद धरा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके देतं, तेव्हा माठातलं घ्या. हृदयविकार असेल किंवा ठोके मंदावणारं प्रोप्रानोलॉल चालू असेल तर हा प्रयोग करू नका.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे स्नायू शिथिल करण्याचा सराव. एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली पद्धत. खुर्चीत बसा. उजवी मूठ पाच ते सात सेकंद आवळा, पूर्ण जोर लावू नका. मग एकदम सोडा आणि वीस सेकंद फक्त त्या हाताकडे लक्ष द्या. मग डावी मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या, तळपाय. पोटरीत गोळा येत असेल तर तिथे जोर अगदी कमी. एकूण पंधरा-वीस मिनिटं. ज्यांना डोळे मिटून ध्यानाला बसलं की विचार जास्त येतात त्यांना हे जास्त मानवतं, कारण इथे करायला काहीतरी हाताशी असतं.

याला एक अपवाद, आणि तो पक्का लक्षात ठेवावा. रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांनी शिथिल व्हायचं नसतं. त्यांचा रक्तदाब घसरतो. त्यांनी हात-पाय-पोट दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम होईपर्यंत ताठ करायचे, वीस-तीस सेकंद सैल सोडायचे (पूर्ण ढिले नकोत), असं पाच वेळा. बाकीच्या घबराटीत रक्तदाब बहुतेक वाढतो, म्हणून "मी इथेच बेशुद्ध पडेन" ही भीती असते खूप, पण माणूस पडत सहसा नाही.

तापीकाठ
थेरपीवर सविस्तर लिहाल का? "तिथे जाऊन नुसत्या गप्पा" हा समज फार आहे.

पायरी-पायरीने
सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणारी थेरपी. साधारण बारा ते सोळा बैठका, आठवड्याला एक, पाऊण-एक तासाची. दर वेळी घरचा अभ्यास असतो. तो केला नाही तर उरतात त्या नुसत्या गप्पा, हे खरंय.

मुख्य अवजार म्हणजे भीतीची शिडी. समजा एखाद्याला गर्दीच्या गाडीत घबराट होते म्हणून अमळनेरहून जळगावला जाणंच बंद झालंय. शिडी अशी मांडता येईल, कंसात भीतीचा शंभरपैकी आकडा. अमळनेर स्टेशनच्या बाकावर अर्धा तास, गाड्या येऊ-जाऊ द्यायच्या (२०). सोबत कुणाला घेऊन पॅसेंजरने धरणगावपर्यंत (४५). एकट्याने धरणगाव, सोबतीचा माणूस तिथल्या फलाटावर (६०). एकट्याने जळगाव (७५). एकट्याने, गर्दीच्या वेळी, दारापासून लांब आतल्या बाजूला बसून (९०). एका पायरीवर आठवड्यात तीन-चार वेळा जायचं, आणि ती कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची.

निघण्याआधी वहीत लिहायचं: "काय होईल असं वाटतंय? किती टक्के खात्री?" परतल्यावर त्याखाली: "काय झालं?" ही दोन वाक्यं काम करतात. समजूत घालण्याने फारसं होत नाही.

बिघडतं कुठे? भीती शिखरावर असताना उतरून घेतलं की मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती दुप्पट. दुसरं, छुपे आधार. हातात पाण्याची बाटली, खिशात अल्प्राझोलामची पट्टी, बायकोला चालू ठेवलेला फोन. पट्टी फोडली नाही तरी श्रेय तिलाच जातं. निघताना अर्धी गोळी घेऊन केलेला प्रवास शिडीत धरायचा नाही. आणि तिसरं, लगीनसराई किंवा कापूस वेचणीच्या नावाखाली महिनाभराची सुट्टी. पुन्हा दोन पायऱ्या खाली यावं लागतं.

भरीत पार्टी
प्रवासाचं ठीक. पण केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग येऊन बाग उपटावी लागली, वर सोसायटीचं कर्ज, अशा माणसाला "तुझे विचार चुकीचे आहेत" सांगणार का?

पायरी-पायरीने
अजिबात नाही. जो तसं सांगेल त्या समुपदेशकाकडे पुन्हा जाऊ नका. कर्ज खरं आहे, त्यावरची चिंताही खरी. तिथे आधी प्रश्न सोडवण्याचं काम: वहीचं पान मधोमध दुमडायचं. एका बाजूला या आठवड्यात करता येण्यासारखं (बँकेत पुनर्गठनाची चौकशी, पंचनाम्याचा कागद), दुसऱ्या बाजूला हातात नसलेलं (भाव, पाऊस). पहिल्या बाजूच्या एकाच कामाला तारीख आणि वेळ लावायची.

दुसऱ्या बाजूसाठी चिंतेची वेळ ठरवायची. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, ठरलेल्या जागी, अंथरुणावर नाही. दिवसभरात चिंता आली की एका शब्दात टिपून "सहा वाजता" म्हणायचं. सहा वाजता खरंच बसायचं, ते टाळलं तर पद्धत कोसळते. गंमत अशी की त्या वीस मिनिटांत बऱ्याच नोंदी शिळ्या झालेल्या असतात.

सातपुडा
धडगाव, अक्कलकुव्याकडे हे सगळं कुठून आणायचं? तिकडे पहिला फेरा भगताकडेच असतो.

तापीकाठ
भगताशी भांडून काही मिळत नाही. विधी चालू द्या, गोळी बंद करायला लावू नका, एवढ्या बोलीवर दोन्ही चालू शकतं. फक्त चटके, कोंडणं, मारहाण, उपाशी ठेवणं याला जागीच विरोध करायचा.

सरकारी सोय आहे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. ओपीडीचे वार आधी विचारून जा, लांबून आल्यावर खेप वाया जाऊ नये. फोनवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सेवा आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे विचार असतील तर लगेच तिथे किंवा ११२ ला.

कोण काय करतं तेही: मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी किंवा डीपीएम डॉक्टर, औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असते, नंबर विचारायला संकोच नको. नुसती "काउन्सेलर" ही पाटी कुणीही लावू शकतो. आरोग्य विमा असेल तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम २१ प्रमाणे शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसी हातात घेऊन विचारा.

सातपुडा
बरं. नेटवर्क मिळालं तर फोन करतो म्हणायचं.

काउंटरमागून
चहा आणि तंबाखूचं कुणीच बोललं नाही! दिवसाला आठ-दहा कप चहा घेऊन झोपेची गोळी मागणारे पुष्कळ. एकदम सोडू नका, डोकं ठणकतं. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी, आणि दुपारी दोननंतर बंद. तंबाखू, मिश्री यांची तलफ आली की होणारी बेचैनी हुबेहूब चिंतेसारखी असते. पुडी लावली की शांत, म्हणून ती औषधच वाटते.

केळीबाग
शेवटचं. गोळी बंद कधी आणि कशी? आणि गर्भ राहिला तर?

पांढरा कोट
बरं वाटायला लागल्यापासून किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर. दोन महिन्यांत सोडणाऱ्यांना आजार उलटण्याचा धोका जास्त. मग काही आठवडे ते महिने लावून कमी. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. पॅरॉक्सेटिनला हा त्रास सर्वात जास्त, फ्लुऑक्सेटिनला सर्वात कमी, कारण ते शरीरातून फार हळू जातं.

रोज क्लोनाझेपाम-अल्प्राझोलाम घेणाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं. दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या पाच ते दहा टक्के कमी, कितीही घाई असली तरी दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांच्या वर नाही. शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड जातो, तिथे आणखी हळू. एसआर, सीआर लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या तोडून डोस कमी करू नका, औषध एकदम सुटतं.

गर्भ राहिला तर घाबरून त्याच दिवशी बंद करू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. शक्य असेल तर मूल हवं असं ठरवतानाच सांगा. पॅरॉक्सेटिन त्या काळात शक्यतो टाळतात, अंगावर पाजताना सर्ट्रालिनला बरेचदा पसंती असते.

भरीत पार्टी
रमजानचे रोजे, नवरात्राचे उपास यात काय करायचं?

पांढरा कोट
दिवसातून एकदाची गोळी असेल तर इफ्तारनंतर किंवा उपासाच्या फराळानंतर घ्या. वेळ सरकवायची असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून थोडी थोडी. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर घ्या; पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. प्रोप्रानोलॉल घेणाऱ्या मधुमेहींनी मात्र उपासाआधी डॉक्टरांना विचारावंच. साखर उतरली की होणारी धडधड ते औषध झाकून टाकतं, घाम तेवढा येतो. आणि दमा असेल तर प्रोप्रानोलॉल मुळात चालतच नाही.